गोड कोणता, ते सांगा

बारामतीत बी-बियाण्यांच्या दुकानात मी तेवीस वर्षं काउंटरला उभा होतो. १९९८ ला लागलो, २०२१ ला सोडलं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी बियाण्याबद्दल जे विचारलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. किती दिवसांत येतं, एकरी किती निघतं, माल गाडीत टिकतो का, रोगाला कसंय, आणि उधारी चालंल का. यातला शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा पहिला यायचा.

२००७ साली, गणपती उठल्यावर आठ-दहा दिवसांनी, एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. हातात छत्री, पिशवीत वर्तमानपत्र. म्हणाल्या, "वाटाण्याचं बी द्या थोडं. घरामागं लावायचंय. गोड कोणता, ते सांगा."

मी नेहमीची टेप लावली. अर्केल लवकर येतो, पंचावन्न-साठ दिवसांत पहिला तोडा.

"लवकर येतो ते कळलं. गोड कोणता?"

बोनव्हिले उशिरा येतो, पण एकेका देठाला दोन-दोन शेंगा, माल जास्त.

"मला विकायचा नाहीये हो."

मग मी पाकीट उलटं करून वाचायला लागलो. उगवणक्षमता टक्के, शुद्धता टक्के, लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत. चवीचा रकाना कुठंच नव्हता. बाई माझ्याकडं बघत होत्या. "म्हणजे तुम्ही खाल्लेला नाही," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाला शिकवणारी माणसं जशी बोलतात तसं होतं. अर्केलची एक पुडी घेऊन त्या गेल्या.

नऊ वर्षं मी वाटाण्याचं बी विकत होतो आणि स्वतःच्या हातानं लावलेला एक दाणा खाल्लेला नव्हता. आम्ही मूळचे इंदापूर तालुक्यातले, भिगवणच्या बाजूचे. आमच्याकडं वाटाणा म्हणजे किराणा दुकानातला, रात्री भिजत घालायचा, सकाळी उसळ. हिरव्या दाण्याला 'मटार' म्हणायचं हे मी बारामतीत राहायला आल्यावर शिकलो. पुरंदरकडचे शेतकरी ओल्यालाही वाटाणाच म्हणतात, आणि माझ्याही तोंडात आता तोच शब्द बसलाय, कारण माझी सासुरवाडी तिकडची.

खरं सांगायचं तर गोड वाटाणा काय असतो हे मला त्याआधीच कळलेलं होतं. फक्त ते आपल्या धंद्याशी जोडायचं सुचलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या गौरी-गणपतीला सासुरवाडीला गेलो होतो. पुरंदरला वाटाणा पावसाळ्यात घेतात; जूनअखेर-जुलैत पेरतात आणि गौरीच्या सुमाराला सासवडच्या बाजारात पोत्यांची रांग लागते. बाकीच्या महाराष्ट्रात वाटाणा थंडीचा, यांचा पावसाचा. डोंगरावर भुरभुर चालू होती, धुकं अंगाला चिकटत होतं. सासूबाईंनी रानातनं ओटीभर शेंगा तोडून आणल्या आणि "घ्या पाव्हणं" म्हणत माझ्या दोन्ही खिशांत कोंबल्या. सासवडच्या स्टँडपर्यंत चालताना मी त्या सगळ्या संपवल्या. टरफलं खिशातच राहिली, पुढं पँट धुताना बायकोला सापडली.

ती चव बारामतीत आणायची, एवढंच त्या बाईंच्या प्रश्नानंतर माझ्या डोक्यात बसलं. आपली कऱ्हा नदी गराड्याच्या डोंगरातनं निघते, सासवडवरनं, जेजुरीजवळनं येऊन बारामतीतनं जाते आणि सोनगावला नीरेला मिळते. वाटाण्याच्या गावाची नदी आपल्या दारातनं जाते, मग वाटाणा का नाही येणार, असं माझं भाबडं गणित. नदीबरोबर पाणी येतं. तेही आता कुठं म्हणा, नाझऱ्याच्या धरणात अडतं. गारवा मात्र वरच राहतो. सासवड आमच्यापेक्षा दोनशेक मीटर उंच आहे, आणि वाटाण्याच्या हिशेबात ते अंतर मुंबई-महाबळेश्वराएवढं आहे.

पहिल्या वर्षी घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात तीन वाफे केले. एकात अर्केल, दुसऱ्यात बोनव्हिले, आणि तिसऱ्यात किराणा दुकानातला वाळका हिरवा वाटाणा. हा तिसरा वाफा बायकोच्या आग्रहाचा. "दहा रुपयांत एवढं बी येतंय, तुमच्या पुडीत असं काय सोनं आहे?" दसऱ्याच्या मुहूर्तावर टोकलं. दसरा म्हणजे ऑक्टोबरचं ऊन, दुपारी वाफ्यातली माती हाताला चटका देत होती. मी सकाळ-संध्याकाळ पाणी देत राहिलो.

आठ दिवसांत किराणा वाटाणा दाट उगवला. अर्केल निम्मा, बोनव्हिले जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचं बी उकरून बघितलं तर कुजून मऊ झालेलं. बायको काही बोलली नाही. तिसऱ्या वाफ्याशेजारी उभी राहून नुसती हसली, ते जास्त लागलं. डिसेंबरात किराणा वाटाण्याला फुलं आली, शेंगाही लागल्या, पण दाणा तोंडात टाकला तर ओल्या हरभऱ्याच्या पिठासारखा. गोडी औषधालाही नाही. उरलेल्या अर्केलच्या एका वेलाचा दाणा खाल्ला आणि मला सासवडचा स्टँड आठवला. तितका नव्हता, पण त्याच वाटेवरचा होता.

याचं कारण मला पुढं एका कृषी पदवीच्या विद्यार्थ्यानं सांगितलं. तो दुकानात कामाचा अनुभव घ्यायला महिनाभर होता. त्यानं दोन्ही बिया माझ्या तळहातावर ठेवल्या. किराण्यातली गोल, गुळगुळीत, गोटीसारखी. अर्केल आणि बोनव्हिलेची सुरकुतलेली, म्हाताऱ्या माणसाच्या हनुवटीसारखी. "काका, शाळेत मेंडेल शिकलाय ना? गोल आणि सुरकुतलेला? तोच हा." शाळेत मेंडेल मी पाच मार्कांपुरता शिकलो होतो. १८६६ साली छापून आलेल्या त्या निबंधातल्या बियांचा जिभेशी काही संबंध असेल, असं कुणी सांगितलं नव्हतं. गोल दाण्यात झाड साखरेचं पीठ, म्हणजे स्टार्च, भराभर बनवतं. सुरकुतलेल्या दाण्यात ते काम करणाऱ्या एका विकराचा जनुक बिघडलेला असतो. त्यामुळे पीठ कमी, साखर जास्त. साखर पाणी ओढून धरते म्हणून ओला दाणा टपोरा होतो आणि वाळला की ते पाणी जाऊन चामडी आक्रसते. जनुकातला तो नेमका बिघाड १९९० साली इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत मदन भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला. म्हणजे बियाण्याची सुरकुती हीच गोडीची खूण. आणि साखर जास्त म्हणून गरम, चिंब मातीत ते बी कुजतंही लवकर. गोल बी राकट असतं, कसंही उगवतं.

त्या दिवसापासून वाटाण्याची पुडी देताना मी दोन दाणे गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायला लागलो. बी औषध लावलेलं असतं, लाल-गुलाबी रंगाचं, त्यामुळे "खाऊ नका, नुसतं बघा" हे सांगावं लागे. एकदा ही सवय कामाला आली. एका कंपनीच्या अर्केलच्या लॉटमध्ये मला चार-पाच गोल दाणे दिसले. दुकानाच्या मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, पुडीवर शुद्धता छापलीय, आपण कोण बोलणारे. मी गप्प बसलो आणि विकत राहिलो. जानेवारीत एक शेतकरी रागानं लालबुंद होऊन आला. पाव एकर वाटाण्यात कुठं जांभळी फुलं, कुठं पांढरी. मालाला भाव निम्मा. त्याला बोलायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मालकानं अर्धे पैसे परत केले, पण माझ्या गप्प बसण्याचा हिशेब काही कुठं झाला नाही. अजूनही भिगवण चौकात तो माणूस दिसला की मी मान दुसरीकडं वळवतो.

वाण कळला म्हणून वाटाणा गोड येतो असं नाही, हे समजायला आणखी चार-पाच हिवाळे गेले.

आमच्याकडं सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आमचा हात. हा उसाचा हात आहे. बारामती-इंदापूरच्या माणसाला पिकाला थोडंसं काही देता येत नाही. पाणी द्यायचं तर पाट तुडुंब, युरिया द्यायचा तर मूठ भरून. नीरा डाव्या कालव्यावर तीन पिढ्या ऊस केलेल्या माणसाला वाटाण्याला तहानलेलं ठेवायला सांगणं म्हणजे घरी आलेल्या पाव्हण्याला उपाशी पाठवायला सांगणं. माझ्याच एका चुलतभावानं वाटाण्याला उसाच्या मापानं युरिया टाकला. पीक कमरेएवढं हिरवंगार, पानं तळहाताएवढी, आणि शेंगा शोधायला लागत होत्या. वाटाण्याच्या मुळावर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र त्याला देतात. बाहेरनं नत्र फुकट मिळायला लागला की झाड कष्ट कशाला करील? माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्राकडनं रायझोबियमचं पाकीट आणायचं, कोमट गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाला चोळायचं, सावलीत तासभर सुकवून टोकायचं. मी एवढंच करतो. लाल औषध लावलेल्या बियाला मात्र हे जिवाणू लावून फारसा उपयोग नसतो. औषध त्यांनाही मारतं. म्हणून घरच्या वापराला बिनऔषधाचं बी मागून घ्यावं. खाली कुजलेलं शेणखत, वर उसाचं पाचट. पाचट हा आमच्या तालुक्याचा खरा दागिना. लोक अजून ते पेटवतात. वाटाण्याच्या ओळींत चार बोटं जाड पसरलं की माती गार राहते, आणि गार माती वाटाण्याला लागतेच.

दुसरी गोष्ट तारखेची. दसऱ्याला लावायचं नाही. रात्री पंखा बंद करून गोधडी ओढायची वेळ आली की लावायचं. आमच्याकडं ती वेळ दिवाळीच्या आगंमागं येते, कधी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कधी दुसऱ्या. त्यानंतर वाटाण्याला मिळतात जेमतेम ऐंशी-नव्वद दिवस. संक्रांत झाली की दुपारचं ऊन बदलतं. फेब्रुवारीत पारा तिशीच्या वर गेला की फुलं गळतात, आणि लागलेल्या शेंगांतला दाणा दोन दिवसांत पिठूळ होतो.

म्हणून वाण निवडताना मी आता आधी कॅलेंडर बघतो. बोनव्हिले चवीला चांगला आहे. माझ्या जिभेला तर अर्केलपेक्षाही. त्याच्या गोडीत थोडा वास असतो, ओल्या गवताचा म्हणा. पण त्याला पंच्याऐंशी दिवस लागतात, आणि ते शेवटचे दहा दिवस आमच्या फेब्रुवारीत जाऊन पडतात. तीन वर्षांत एखादंच वर्ष असं येतं की बोनव्हिले पूर्ण गोडीत हाती लागतो. अर्केल बुटका, दीड फुटाचा. शेंग किंचित वाकडी, तलवारीसारखी, आत सात-आठ दाणे. डिसेंबरअखेर-जानेवारीत, थंडी ऐन भरात असताना, तो पुढं येऊन उभा राहतो. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले प्रियाही मी दोन वर्षं लावला, तो आमच्या हवेला बऱ्यापैकी सोसतो. पण घरच्या जेवणासाठी मला कुणी एकच वाण सांग म्हटलं तर मी अर्केल सांगतो. एकदम सगळा टोकत नाही. बारा-बारा दिवसांच्या अंतरानं तीन हप्ते. त्यातला एक तरी हप्ता थंडीच्या लाटेत सापडतो.

हिशेबही सांगून ठेवतो, कारण कुंडीत चार बिया लावून उसळीची वाट बघणारे लोक मी पाहिलेत. अर्केलच्या एका झाडाला चांगल्या दहा शेंगा धरल्या तरी सोलल्यावर पंचवीस-तीस ग्रॅम दाणे. किलोभर शेंगांचे चारशे ग्रॅमच निघतात. चार माणसांच्या घरात एका वेळची उसळ करायची तर सोळा-सतरा झाडं आणि तीही एका दिवशी तोडलेली. पोह्यांत टाकायला मूठभर हवा असेल तर एक खोल बादली पुरते. तीत आठ-दहा बिया, दीड इंच खोल.

चव बघायची म्हणून एका जानेवारीत मी कॉलनीतली मुलं कट्ट्यावर बसवली. चार वाट्या. एकीत त्याच क्षणी तोडलेल्या शेंगांचे दाणे, दुसरीत सकाळी तोडून दिवसभर टोपलीत ठेवलेल्यांचे, तिसरीत फ्रीजमधले, चौथीत बाजारातल्या महागातल्या मटारचे. कुठल्या वाटीत काय हे कुणाला सांगितलं नव्हतं. एकूण एक पोरानं पहिली वाटी संपवली, आणि मग फ्रीजमधली. टोपलीतल्या दाण्याला एक पोरगी म्हणाली, "काका, हा वेगळा वाटाणा आहे का?" तो वेगळा नव्हता. त्याच वेलाचा, सकाळचा. वाटाणा तोडल्यावरही जिवंत असतो. आपलीच साखर जाळत राहतो, उरलेल्यातली थोडी पिठात घालतो, आणि जितकी ऊब तितकं हे जोरात चालतं. मी दोन वर्षं वाणांची तुलना लिहून ठेवली होती ना, ती सगळी वही त्या दिवशी बाद झाली. कुठला दाणा कधी तोडला आणि किती तासांनी खाल्ला, हे त्या वहीत लिहिलेलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडं आधी गॅसवर कढई चढते, मग मी पाटी घेऊन मागं जातो. बायको म्हणते, या माणसानं स्वयंपाकघराचं वेळापत्रक वाटाण्याच्या हातात दिलं. शेंग भरली कधी, तेही बोटानं कळतं. दाबल्यावर आतला दाणा जाणवला पाहिजे, पण शेंगेची चकाकी गेलेली नको. चकाकी गेली, शिरा उठल्या, की तो दाणा वाळवायला सोडून द्यायचा.

शेंगेसकट खायच्या वाटाण्याचं एक गमतीचं प्रकरण आहे. बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का संपूर्णा नावाचा वाण आहे, नावातच सगळं आलं. शेंगेच्या आत चिवट पापुद्रा नसतो, अख्खी खाता येते. अमेरिकेत असा जाड सालीचा गोड वाटाणा १९७९ साली 'शुगर स्नॅप' नावानं बाजारात आला आणि फार गाजला. मी मोठ्या कौतुकानं शेजारच्या वहिनींना अर्का संपूर्णाच्या शेंगा दिल्या. संध्याकाळी त्या परत आल्या. "भाऊजी, तुमच्या वाटाण्यात दाणेच नाहीत वं. तासभर सोलत बसले, वाटीभर निघंना." सालं कुठायत विचारलं तर म्हशीला घातली होती. म्हशीनं त्या दिवशी तालुक्यातला सगळ्यात गोड वाटाणा खाल्ला.

आता त्या वर्षाबद्दल, ज्यानं माझं सगळं गणित मोडलं.

उजनीचं धरण १९८० ला पूर्ण झालं. आमचं चार एकर शिवार त्याच्या फुगवट्यात गेलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आबांनी, आमच्या वडिलांनी, त्या रानाबद्दल आम्हाला कधी काही सांगितलं नाही. भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याची मंडळी येतात, गाड्या थांबवून फोटो काढतात. आमच्या घरात त्या पाण्याकडं कुणी मुद्दाम बघायचं नाही. २०१५ ला पाऊस दगा देऊन गेला. धरण भरलंच नाही. पुढं उन्हाळ्यात तर पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ पूर्ण उघडं पडलं, लोक पायऱ्यांवर जाऊन बसायला लागले. पण त्याआधी, दिवाळीच्या दोन दिवस आधी, थोरल्या भावाचा फोन आला. "आबांच्या हिरीचा कठडा दिसतोय."

आम्ही आबांना टेम्पोत बसवून नेलं. पस्तीस वर्षांचा गाळ, वर भेगा पडायला लागलेल्या, खाली लोण्यासारखा. आजूबाजूच्या लोकांनी गाळपेर सुरू केली होती, बहुतेक सगळा हरभरा. भावानंही हरभराच टाकला. मी एका कडेला, विहिरीच्या कठड्याजवळ, दोन किलो अर्केल टोकला. त्या साली थंडीही बेताचीच होती. माझ्या वहीप्रमाणं वाटाणा गोड यायचं काही कारण नव्हतं. पाणी द्यायची सोय नव्हती, खत नव्हतं, पाचट नव्हतं. गाळाची ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो वाढला.

जानेवारीत तोडा केला. तसा वाटाणा मी पुरंदरलाही खाल्ला नव्हता. सासूबाई आलेल्या होत्या. त्यांनी तीन शेंगा खाल्ल्या आणि चौथी पदराला बांधली, बियाला. आबा कठड्यावर बसून शेंगा सोलत होते. खात कमी, सोलत जास्त. म्हणाले, "ह्या रानाला मीठ नव्हतंच कधी."

त्या एका वाक्यावर मी रात्रभर जागा होतो. मी आठ वर्षं ऊन, थंडी, तारखा, वाण यांची मांडामांड करत होतो, आणि घरामागं पाणी देत होतो बोअरचं. मचूळ. चहा केला तर दूध फाटेल असं. कालव्याखालच्या कितीतरी जमिनी अशाच पाण्यानं आणि अति पाण्यानं चोपण झाल्या. बारामतीत राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाच आहे, क्षार, दुष्काळ, उष्णता यांवर काम करायला. आपल्या गावाला तशी संस्था का दिली असेल, हा विचार मी कधी केला नव्हता. ऊस थोडंफार मीठ सोसतो. वाटाणा सोसत नाही. पानांच्या कडा करपतात, झाड खुरटतं, घाईघाईनं शेंगा उरकून मोकळं होतं. माझ्या वाफ्यांत दर वर्षी हेच होत होतं आणि मी दोष उन्हाला देत होतो.

पुढल्या हिवाळ्यापासून वाटाण्याला नळाचं पाणी. नगरपालिकेचं, म्हणजे नीरा डाव्या कालव्याचंच, पण गोडं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी दोन टाक्यांत धरतो, तेही वापरतो. दिवसाआड, हात आखडून. बोनव्हिलेचं तीन वर्षांत एक हे प्रमाण दोनावर आलं. मर कमी झाली. भुरी मात्र जानेवारीअखेर येतेच, दमट सकाळ आणि कोरडी दुपार असली की पानांवर पीठ शिंपडल्यासारखी. घरच्या दहा-वीस झाडांना मी गंधकाची एक फवारणी करतो, ती पण फुलोऱ्याआधी. तेव्हा उशीर झाला तर नुसता बघत बसतो. दुकानात असताना मी लोकांना तीन-तीन फवारण्यांची औषधं बांधून द्यायचो. घरी कधी दुसरी मारली नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

उष्णता सोसणारे वाणही आता आलेत. बंगळूरच्याच संस्थेनं काढलेल्या एकाचं नाव अर्का चैत्र. गेल्या शिमग्याच्या आधी मूठभर लावला. वाटाणा त्या उन्हात शेंगा धरतो हे डोळ्यांनी बघितलं, आणि आश्चर्य वाटलं. गोडीत त्याला पौषातल्या अर्केलशेजारी बसवायला मी तयार नाही. पण दुकानात असतो तर तोच विकला असता, कारण गिऱ्हाईक तेच पाच प्रश्न विचारतं.

त्या शिक्षिका पुन्हा एकदाच आल्या होत्या, २०१० च्या सुमाराला. मी त्यांना काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "खाल्लात का मग?" मी हो म्हणालो. काउंटरखालून एक वाटी काढून दिली. दुपारच्या डब्यातली होती, गार झालेली. त्यांनी चव घेतली आणि म्हणाल्या, "सकाळी तोडलाय." मग हरभऱ्याचं बी घेऊन गेल्या.

त्या गाळपेरीनंतरच्या पावसाळ्यात उजनीचं धरण भरलं. विहिरीचा कठडा परत बुडाला. आबाही त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्या रानातल्या अर्केलचं बी मी वेलावरच वाळवून घेतलं होतं. वाटाण्याचं फूल उमलायच्या आतच स्वतःचं परागीकरण उरकून घेतं, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी मिसळत नाही; घरचं बी तसंच राहतं. फक्त तीन-चार वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, उगवण कमी होत जाते. म्हणून दर वर्षी थोडं लावतो, थोडं परत धरतो. राख घालून डब्यात ठेवतो. डब्यावर बायकोनं खडूनं 'आबा' लिहिलंय.

काल मोजलं. एकशे बारा दाणे आहेत. कोजागरी होऊन गेली, पण रात्री अजून पंखा लागतोय.